पहिला हात फुईचा

नाशिक,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. बेबीजिजी यांस,
चारुलताचा शि. सा. नमस्कार.

साखरपुड्याहून तुम्ही दोघं सारंगखेड्याला नीट पोचलात हे शेजारच्या रुपाच्या मेसेजवरून कळलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची बारीक अक्षरं तुम्ही वाचत नाही, म्हणून हे पत्र. खरं तर मलाही पत्रच बरं वाटतं. समोर बसून पाटीवर लिहून बोलताना तुम्ही माझ्या तोंडाकडे इतक्या निरखून बघता की मी गडबडून जाते.

लग्नाचं ठरलं. काजल आणि रिषभचं लग्न बेटावर होणार, अंदमानात. रिषभच्या आईंची फार इच्छा होती. समुद्रकिनाऱ्यावर मांडव, फेब्रुवारीच्या पंधरा तारखेला, आदल्या दिवशी हळद. दोन्हीकडची मिळून साठच माणसं. सगळं एक इव्हेंटवाली मुलगी बघते आहे. तिने सजावटीचे फोटो पाठवले. केळीची पानं, पपया, नारळाच्या झावळ्या. धर्मेंद्र म्हणाले, "मग दाजींच्या शेतातच मांडव घातला असता की!" आम्ही दोघंच हसलो, कारण त्या मुलीला सारंगखेडा ठाऊक नाही.

जिजी, एक गोष्ट मनाला लागून आहे. तिथे जायला दोन विमानं बदलावी लागतात. इथल्या एका डॉक्टरांना मी सहज विचारलं. ते म्हणाले, ज्यांचे कान मुळात नाजूक आहेत त्यांना हवेच्या दाबाचा फार त्रास होतो. तुमच्या कानांशी खेळ नको, असं मनात आलं. लग्न आटोपलं की आम्ही सगळे सारंगखेड्याला येतोच. तेव्हा वरण-बट्टीचं जेवण घालू, सगळी गल्ली बोलावू.

काजलला यातलं काही बोललेले नाही. तुम्ही समजून घ्याल, याची खात्री आहे.

भाऊजींना नमस्कार.

तुमची,
चारू


सारंगखेडा,
ता. ४ डिसेंबर

चि. सौ. चारू हीस अनेक आशीर्वाद. धर्मेंद्रला पण.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. गल्लीतल्या तीन बाया आपोआप ओट्यावर येऊन बसल्या, म्हणजे मोठ्यानंच वाचलं असेल. बेट म्हणजे चारी बाजूला पाणी, असं यांना समजावून सांगितलं, तर हे पाटीवर लिहितात, "तापीले पूर येस तव्हय आपलं बी बेटच व्हस." आता अशा माणसाला समुद्र काय दाखवायचा!

माझ्या कानाची तू एवढी काळजी केली, ते वाचून डोळ्यात पाणी आलं. स्वतःचं माणूस असल्याशिवाय कोणी विचारत नाही गं. दुसऱ्याच दिवशी मी शहाद्याला कानाच्या डॉक्टरकडे गेली. तरणा पोरगा शे. मी विचारलं, विमानात बसू का? त्यानं कागदावर लिहिलं, "आजी, बिनधास्त बसा. चढता-उतरताना गोळी चघळत राहा." मी म्हटलं, असं नको, सही-शिक्क्याची चिठ्ठी दे. ती सोबत जोडली शे. तुझ्या डॉक्टरला दाखव आणि सांग, आता निवांत रहा.

काजलची हळद मी सोडणार शे का? धर्मेंद्रची बँक दर तीन वर्षांनी गाव बदलायची म्हणून पोर पाचवी ते दहावी माझ्याजवळ होती. माझ्याच ताटात जेवली. आपल्या घरात पोरीच्या हळदीला पहिला हात फुईचा, बापाच्या बहिणीचा. माझ्या लग्नात माझ्या फुईचा होता. मला पोरबाळ नाही. हा एकच हात मला लावायला मिळणार शे. हळकुंडं आणून वाळत टाकली. जात्यावर मीच दळीन.

आणि विहिणीला चिडवायच्या गाळी पण म्हणायच्या शेत. साखरपुड्यात मी एकच म्हटली,

इहीणबाईनी नथ मोठी,
जेवाले बठनी, दिखेना रोटी!

तर लोक कसे हसले, पाहिलंस ना? विहिणीची चेष्टा केल्याशिवाय सोयरीक गोड होत नाही. रिषभची आई तर मोबाईल वर करून करून शूटिंग घेत होती. मला ऐकू येत नाही, पण दिसतं. माणसं खूश होती.

तिकीट काढलं की कळव.

तुझी,
बेबीजिजी


नाशिक,
१३ डिसेंबर

ती. सौ. जिजी यांस सा. नमस्कार.

डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली. तुम्ही इतका त्रास घ्यायला नको होता. शहाद्याची खेप, ते रांगेत बसणं. मला वाचताना कसंसंच झालं.

पण जिजी, विमानावर संपत नाही. पोर्ट ब्लेअरहून पुढे बेटापर्यंत दोन तासांची बोट आहे. समुद्र खवळला तर काय करायचं, जॅकेट कसं घालायचं, हे सगळं बोटीवर तोंडी सांगतात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना बोटवाले घेतच नाहीत, असं इव्हेंटवाल्या मुलीकडून कळलं. नियमच आहे. आपलं काही चालत नाही. मी पुष्कळ सांगून पाहिलं.

शिवाय तिथली हळद आपल्यासारखी नसते. तासाभराचा कार्यक्रम. फोटोवाला सांगेल तसं उभं राहायचं, सांगेल तेव्हा हसायचं. हळदही त्यांचीच, कपड्यांना डाग न पडणारी. गाणी स्पीकरवर. किनाऱ्यावर मोठा आवाज केलेला चालत नाही म्हणे. तेव्हा तुम्ही जात्यावर बसू नका. तुमचा खांदा दुखतो.

काजल विचारत होती, फुईची साडी घेतली का. तिला म्हटलं, बघू.

तुमच्याकडे यात्रा भरली असेल. घोडे बघायला यंदा कोणी आलं का? भाऊजींना नमस्कार सांगा.

चारू


सारंगखेडा,
ता. ३० डिसेंबर

चि. सौ. चारू,

यात्रा उठली. घोडे गेले. आणि यंदा जाताना त्यांच्या टापा मी ऐकल्या. हो, ऐकल्या!

तू बोटीचं लिहिलंस ते फार बरं केलंस. नाहीतर मी हळद घेऊन किनाऱ्यावर उभी, आणि बोट पुढे गेली असती. केवढी फजिती! शहाद्याच्या डॉक्टरनं मला तेव्हाच लिहून दाखवलं होतं की कान पुरे गेलेले नाहीत, मशीन लावलं तर बरंच ऐकू येईल. मी म्हटलं होतं, आता कशाला? ताप येऊन कान गेले त्याला बारा वर्षं झाली, सवय झाली. पण बोटवाल्यांचा नियम म्हटल्यावर काय करणार? यांना सोबत घेतलं आणि बसवून आली. दोन्ही कानात, वालाच्या दाण्याएवढं.

पहिले काही दिवस डोकं ठणकलं. सगळ्या वस्तू एकमेकींशी भांडताहेत असं वाटायचं. मग एकेक ओळखीचं होत गेलं. चुलीतलं लाकूड जळताना बोलतं, हे मी विसरूनच गेली होती. मी समजायची, मुकाट जळतं. तव्यावर भाकरी टाकली की कसा आवाज येतो, माहीत शे का तुला? तुला काय, रोजचंच. आणि हे झोपेत घोरतात. सकाळी सांगितलं तर म्हणे, "तुले ऐकू ये ना तवलोंग मी घोरेच ना."

रुपाच्या मोबाईलवर काजलशी बोलली. दहावीला होती तेव्हा चिमणीसारखा आवाज होता, आता बाईचा झाला. ती "फुई, फुई" करत रडायला लागली. मी ऐकतच बसली.

आता बोटीवर काय सांगायचं ते सांगू दे. मी सगळं ऐकीन. हळद दळून झाली. जात्याची घरघर ऐकत दळली, म्हणून खांदा दुखलाच नाही. साखरपुड्याचं शूटिंग काजलनं रुपाला पाठवलं शे. उद्या दुपारी ती मला लावून देणार. मी गाते कशी ते इतक्या वर्षांत मीच ऐकलेलं नाही. तुझाही आवाज ऐकीन त्यात.

तिकिटाचं लवकर कळव. यांना पॅन्ट शिवायला टाकायची शे. धोतरावर विमानात बसू देतात का, ते पण विचार.

तुझी,
बेबीजिजी


नाशिक,
४ जानेवारी २०२५

ती. जिजी,

पत्र आत्ताच मिळालं. तुम्ही मशीन बसवलंत.

ते शूटिंग बघू नका. त्यात आवाज नीट आलेला नाही, मध्येमध्ये तुटतो. नव्या मशीनवर उगाच त्रास होईल. रुपाला सांगा, काढून टाक म्हणावं.

तुमची आणि भाऊजींची तिकिटं आज काढली. १२ फेब्रुवारी, मुंबईहून. छापील प्रत सोबत आहे. बोटीचं मी बघते. भाऊजींना जे घालायचं ते घालू द्या. तुम्ही यायचं. हळद घेऊन यायचं.

पत्र मिळताच दोन ओळी लिहा. वाट बघते.

चारू


सारंगखेडा,
ता. १० जानेवारी

चि. सौ. चारू,

तिकिटं मिळाली. परत पाठवते शे.

शूटिंग तुझं पत्र यायच्या आधीच बघितलं. आवाज कुठेच तुटत नाही. चांगला शे.

पहिल्यांदा कोणीतरी ओरडायला लागलं. मी रुपाला विचारलं, ही कोण बोंबलतेय? ती खाली बघायला लागली. चारू, एवढा मोठा आवाज शे माझा? बारा वर्षं मी अशी ओरडत होती? दुकानात, एस. टी. मध्ये, देवळात, कोणाच्या मयतीला गेली तेव्हासुद्धा? आणि कोणी सांगितलं नाही. घरी येऊन यांना विचारलं. हे म्हणाले, "तू मोठ्यानी बोलस, तं माले शेतमा बी समजस, तू घरमा शे." आता या माणसावर रागावू कशी?

मग हसणं आलं. त्या दिवशी मला हसणारी तोंडं दिसली होती. हसण्याचा आवाज दिसत नाही ना. रिषभची आई कोणाला तरी म्हणाली, "काय शो आहे! लग्नातही आणू या हिला, धमाल येईल."

त्यानंतर मोबाईलच्या अगदी जवळ एक बाई बोलली. "थांबवा ना कोणीतरी यांना. गावाकडच्या आहेत, ठार बहिऱ्या, काही कळत नाही त्यांना. तशा काही जवळच्या नाहीत आमच्या."

ही कोण ते मला ओळखू येईना. रुपाला परत लावायला सांगितलं. परत लावायला सांगितलं. मग ओळखलं. तुझा आवाज गोड शे, चारू. मला वाटायचं, वयानं जाड झाला असेल. लग्न होऊन आमच्या घरात आलीस तेव्हा होता, तसाच शे.

रागापेक्षा मला लाज वाटते शे. तू दार लावत होतीस आणि मला वाटत होतं, कडी अडकली. मी बाहेरून म्हणत होती, थांब, मी उघडते. डॉक्टरला चिठ्ठी मागितली. बोटवाल्यांसाठी कानात मशीन घातलं. सगळ्या गल्लीला सांगून बसली, विमानात बसणार म्हणून. यांची पॅन्ट पण शिवून आली. ती खुंटीला लटकलेली दिसली की मी तोंड फिरवते.

हळद धर्मेंद्र आला तर त्याच्या हातात देईन. पोरीचा काही दोष नाही. तिला लाव.

मी येत नाही. लोकांना कानामुळे म्हणून सांगितलंस तरी चालेल.

बेबी


स्वराज द्वीप, अंदमान,
१६ फेब्रुवारी

ती. सौ. जिजी यांस,

तुमच्या पत्राला महिना उलटून गेला. कितीदा तरी लिहायला बसले. 'जिजी' एवढं लिहून पुढे हात चालत नसे. तुम्ही पत्राखाली नुसतं 'बेबी' लिहिलंत. तेवढा एक शब्द मी सारखा उघडून बघत होते.

धर्मेंद्र हळद घ्यायला आले, तेव्हाही मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. कानामुळे येत नाहीत, हेच सांगितलं. परत आल्यावर म्हणाले, "जिजी काही बोलली नाही. कानात मशीनही नव्हतं." त्यांना त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला. मी भाजी चिरत होते, चिरतच राहिले.

विहीणबाई तुम्हाला 'शो' म्हणाल्या, ते मी त्याच दिवशी ऐकलं होतं. त्यानंतर मी स्वतःला सांगत आले की मी जिजींना हसण्यापासून वाचवते आहे. त्या बेटावर त्या मोकळेपणी गाणार, लोक त्यांना मोबाईलमध्ये भरणार, आणि त्यांना पत्ताही नसणार. त्यापेक्षा न आलेल्या बऱ्या. हे इतक्या वेळा म्हटलं की मला ते खरंच वाटू लागलं. पण वाचवणारं माणूस 'जवळच्या नाहीत' असं म्हणत नाही. मी तळोद्याची. माझी आई लोकांच्या लग्नात गाळी म्हणायला पहिली बसायची. नाशिकला आल्यावर मी ती बोली जिभेवरून पुसून काढली. कोणी म्हटलं, तुम्ही खान्देशच्या वाटत नाही, की मला बरं वाटायचं. साखरपुड्यात तुम्ही तोंड उघडलंत आणि मला वाटलं, आता मीही दिसले. तुमची लाज वाटली ती एवढ्यासाठी. तुमचा त्यात काही संबंधच नव्हता.

आता इथलं सांगते.

परवा हळद झाली. समुद्र इतका निळा की खोटा वाटावा. सगळे पिवळ्या कपड्यांत, फक्त विहीणबाई मोत्याच्या रंगात, म्हणजे फोटोत उठून दिसतील. चौरंगावर काजल. इव्हेंटवाली मुलगी मला म्हणाली, "काकू, आधी तुम्ही लावा, मग सासूबाई." मी वाटीत हात घालणार, तोच काजल म्हणाली, "थांब. पहिला हात फुईचा. व्हिडिओ कॉल लावा." लावून बघितला. नेटवर्क नव्हतं.

रिषभच्या आजी अनोखीबाई तिथेच खुर्चीवर होत्या. त्यांना वाळूतून उचलून आणलं होतं. तुम्हाला ठाऊक नसेल, या लोकांचं मूळ नंदुरबारचं. पन्नालालशेठचं कापडाचं दुकान यांचंच. मुंबईला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडात अजून आपलीच बोली आहे. त्या एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "ती गाळ म्हननारी बाई कथी शे? ती आम्हले गाळ दी गयी. आते आम्हनी पाळी शे!"

विहीणबाई हसत म्हणाल्या, "अहो आई, त्या लांबच्या कोणीतरी होत्या. हो ना, चारुलताताई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. जिजी, नुसती मान हलवली असती तरी संपलं असतं. एकदा म्हटलेलं दुसऱ्यांदा म्हणायला सोपं असतं. माझी मान हलायलाही लागली होती, हे तुम्हाला सांगायला हवं. तेवढ्यात काजलच्या मांडीवरचा डबा दिसला. तुमचाच, लाल झाकणाचा, शाळेत तिला ज्यात तुम्ही शेव-पोळी द्यायच्या.

मी म्हटलं, "लांबच्या नाहीत. त्या माझ्या सख्ख्या नणंद. काजलला त्यांनी वाढवलं. त्या इथे येणार होत्या. मी खोटं सांगून येऊ दिलं नाही."

स्पीकरवरचं गाणं तेवढं वाजत राहिलं. धर्मेंद्र माझ्याकडे बघत होते. ते अजूनही माझ्याशी बोललेले नाहीत. काजलने डोळे मिटून घेतले.

मग अनोखीबाईच म्हणाल्या, "व्हयनं ते व्हयनं. पन गाळ कोन दी आते? बिनागाळनी हळद लागस का?"

मी दिली. उभी राहून. 'इहीणबाईनी नथ मोठी.' पहिल्या ओळीला कोणीतरी फिसकन हसलं, दुसऱ्या ओळीला पुष्कळ जण. मोबाईल वर झाले. मला प्रत्येक हसणं ऐकू येत होतं, जिजी. कोणतं कोणाचं, तेही कळत होतं. काही हसणी मला ठाऊक होती तशीच होती. पण त्यात एक अनोखीबाईंचं होतं. टाळ्या वाजवून, डोळे पुसत त्या हसत होत्या. साखरपुड्यातही त्या अशाच हसल्या असणार. तेव्हा मला सगळ्यांचं मिळून एकच हसणं ऐकू आलं होतं. कान शाबूत असून.

काजलने तुमचीच हळद लावून घेतली. हातांना, पायांना, डाव्या गालाला. उजव्या गालाला कोणाला हात लावू दिला नाही. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, एका बाजूने विचित्र दिसतंय." ती म्हणाली, "दिसू दे." तुमच्या हळदीचे डाग पडतात. विहीणबाईंच्या मोतिया ओढणीवर पाच बोटं उठली आहेत. धुऊन जात नाहीत.

मी माफी मागत नाही. मागितली की तुम्ही लगेच 'असू दे' म्हणाल, तुमचा स्वभावच तसा. मला ती सोय नको.

चारू


सारंगखेडा,
ता. १ मार्च

चि. सौ. चारू हीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू माफी मागितली नाहीस, ते बरं केलंस. राग गेला असं लिहिणार होती, पण ते खोटं होईल. थोडा शे. भाकरी थापताना येतो, भाकरी फुगली की जातो.

धर्मेंद्र येऊन गेला. तुझ्यावर खूप बोलला. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, साखरपुड्यात तू पण तठेच उभा होतास ना? तू का नाही बोललास, ही मन्ही बहीण शे म्हणून?" मग चहा पिऊन गेला. घरी आल्यावर तुझ्याशी बोलला असेल. नसेल तर मला कळव.

मशीन मी काढून ठेवलं होतं, ते खरं शे. कोणाशी बोलूच नये असं वाटायचं. मोठ्यानं बोलली तर लाज, हळू बोलली तर यांना समजेना. एक दिवस हे दुपारीच शेतातून घरी आले. म्हटलं, काय झालं? पाटीवर लिहिलं, "तुन्हा आवाज येत नही. माले वाटनं, तू घरमा नही शे." तेव्हापासून परत लावते. दिवसभर नाही. जेव्हा वाटेल तेव्हा.

अनोखीबाई मला चांगली आठवते. माझ्या लग्नाचं पातळ त्यांच्याच दुकानातलं. ही गल्ल्याशेजारी बसायची आणि आम्ही कितीही घासाघीस केली तरी मान हलवायची. तिला सांग, मी जिवंत शे. गाळ द्यायची असेल तर इथे येऊन दे म्हणावं, बेटावरून दिलेली पोचत नाही.

काजलचा फोटो रुपानं दाखवला. एक गाल पिवळा, एक कोरा. वेडी शे पोर. नवऱ्याला सातपुड्यातल्या काठी गावची होळी दाखवायला आणणार म्हणते. मी म्हटलं, डोंगरात नंतर जा, पहिले इथे ये. डब्यात भरली तेव्हा थोडी हळद मी काढून ठेवली होती. का ठेवली, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

तू पण ये. हे पॅन्ट घालून स्टँडवर घ्यायला येणार शेत. शिवलेली वाया जाऊ नये म्हणतात.

आणि तुझ्या गाळीचं. काजलनं ते शूटिंग पण पाठवलं. मशीन लावलं, मोबाईल कानाशी धरला, तरी तुझी दुसरी ओळ मला ऐकू आली नाही. नुसते ओठ हलताना दिसतात. इतक्या हळू कोणी गाळ देतं का गं? होळीला येशील तेव्हा ओट्यावर बस आणि म्हण. सगळी गल्ली बसलेली असेल. मी मशीन काढून समोर बसणार शे.

मला ऐकू आलं पाहिजे.

तुझी,
बेबीजिजी